वहिवाट

ऑक्टोबरात व्हिल्यांदीच्या त्या घरी पहिल्यांदा गेले
तेव्हा आर्ने लेपिक डेलियाचे कंद खणत होते.
रात्रीच्या गारठ्यानं पानं काळी पडलेली,
उकडलेल्या पालेभाजीसारखी.
मातीचा हात न झटकताच ते म्हणाले,
"बागेचा आराखडा हवाय.
फाटकापासून दारापर्यंत फरसबंद वाट.
सरळ. सरळ म्हणजे सरळ."
चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या.

हेल्वेबाईंना बटाट्याचे वाफे हवे होते
आणि एक बाक,
एस्टोनियातलं ऊन जिथं शेवटपर्यंत रेंगाळतं तिथं.
ती जागा त्यांनी खिडकीतून
लाकडी चमच्यानं दाखवली.
चमच्यावरून जॅमचा थेंब ओघळला, पुसला नाही.

मी फीत धरली. घर. विहीर. सरपणाची खोप.
सफरचंदाची चार झाडं.
उत्तरेला कुंपण, पलीकडे शेजाऱ्याचं थोरलं लिंडन.
"त्याचं नाव काढू नका," बाई हळूच म्हणाल्या.
झाडाचं की शेजाऱ्याचं, ते कळलं नाही.
त्याची सावली ह्यांच्या रास्पबेरीवर पडते,
म्हणून अकरा वर्षं काल्यूशी बोलणं बंद.

"आराखडा बर्फ पडल्यावर करीन."
"बर्फात काय दिसणार?"
"तोवर गुलाबांच्या बुंध्याशी मातीची भर द्या,
वर स्प्रूसच्या फांद्या पसरा.
हिरवळीवरचा पाला ओढा, झुडपांखालचा असू द्या.
कोपऱ्यातल्या ढिगाला हात लावू नका,
त्यात कुणीतरी झोपायला येतं.
आणि पाण्याचं पिंप पालथं घाला, नाहीतर फुटेल."
ते सगळं त्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं.
मान मात्र डोलावली.

फेब्रुवारीत बर्फ गुडघाभर.
वाफे पुसलेले, कडा पुसलेल्या.
मला हवा होता तसा कोरा कागद,
आणि त्यावर माणसांनी नकळत ओढलेल्या रेघा.

एक रेघ दारापासून खोपीपर्यंत,
परततानाची पावलं ओझ्याकडं कललेली.
एक बारक्या पावलांची, पाखरांच्या दाण्यांपाशी.
फाटकाकडची? ती कुठली सरळ!
विहिरीला वळसा घालून,
सफरचंदाला जाताजाता हात लागेल इतक्या जवळून.

आणि एक उत्तरेला. कुंपणापर्यंत.
तिथं बर्फ तुडवून घट्ट झालेला, परातीएवढा गोल.
पलीकडूनही तशीच एक वाट आलेली,
तिथंही तसाच गोल.
मधल्या फळीवरचा बर्फ झटकलेला,
दोन कोपरं टेकतील एवढाच.

मी काही विचारलं नाही.
वहिवाट म्हणजे काय,
हे मोजणीदाराला सांगावं लागत नाही.

मार्चमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरला.
वाट वाकडी.
बाक चमच्यानं दाखवलेल्या जागी.
रास्पबेरी दक्षिणेच्या भिंतीशी, भरउन्हात.
उत्तरेच्या कुंपणात पाऊण मीटरची फट,
नाव न लिहिलेली.

आर्नेंनी चष्मा बदलला. पट्टी मागवली.
बाई कॉफी ओतता ओतता थांबल्या.
"इथं माप चुकलंय," ते म्हणाले.
माझ्या पोटात गोळा.
"पाऊण मीटर कसा पुरेल? ढकलगाडी जायला हवी.
लिंडनच्या पाल्याचं खत
फार चांगलं होतं."

बाईंनी उरलेली कॉफी ओतली, कपाबाहेरही थोडी.
"मला वाटायचं, तू खांब कुजलेत का बघायला जातोस."
"तेही बघतो," ते म्हणाले.

एप्रिलमध्ये फरश्या घेऊन गेले.
बर्फ सावलीसावलीपुरता उरलेला,
चिखलात पालथं पिंप.
सालीला ऊन बाधू नये म्हणून
सफरचंदाच्या बुंध्यांना चुना लावून झाला होता.
तीन झाडांची वरची कडा
दोरी धरून आखल्यासारखी.
चौथ्याचा चुना सगळा ओघळलेला,
एका बाजूला कमरेएवढा, दुसऱ्या बाजूला खांद्याएवढा,
आणि गवतावर थेंब
थेट कुंपणापर्यंत.